हाडाला काम लागतं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मंदिरापुढच्या मांडवात केलेलं बोलणं. मंडळींनी मोबाईलवर धरून ठेवलं होतं, त्यावरून उतरवून घेतलं.)



विणेकरी, टाळकरी, पखवाजी, चोपदार, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या आयाबहिणी, आणि मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलेली आमची जुनी खोडं, तुम्हा सगळ्यांच्या पायांवर माथा ठेवतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. कमिटीनं मला सांगितलं, महाराज, दुपारी थोडं बोला. मी म्हटलं, बोलतो, पण आज अभंग लावणार नाही. रागावू नका. कीर्तन रात्री आहेच. आत्ता मला पायाबद्दल बोलायचंय. शंभर वर्षं ही दिंडी ज्याच्या जोरावर चालली, त्या पायाच्या आतल्या हाडाबद्दल.

मी चौथी शिकलेला माणूस. हे ज्ञान माझं नाही. थोडं डॉक्टरांकडून मिळालं आणि बरंचसं माझ्या नातीकडून. ती फिजिओथेरपी शिकते, म्हणजे अंग हलवून, व्यायाम देऊन माणूस बरा करायची विद्या. सुट्टीत घरी आली की संध्याकाळी ओट्यावर बसून वाचते आणि मला आपल्या भाषेत सांगते. मी उलटसुलट प्रश्न विचारतो. ती म्हणते, आबा, तुम्ही आमच्या सरांपेक्षा जास्त छळता.

पण मला हे समजून घ्यावंसं का वाटलं, ते आधी सांगतो. ते सांगताना मला थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या आईला तुमच्यातली निम्मी माणसं ओळखत होती. तिनं किती वाऱ्या केल्या ते तिनं कधी मोजलं नाही. डोक्यावर तुळस असायची आणि दिवे घाटातसुद्धा ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. वारीहून घरी आली की दुसऱ्या दिवशी हातात खुरपं. विहिरीवरून दोन-दोन हंडे पाणी. गावात गिरणी आली तरी डाळ जात्यावरच भरडायची. साठीत असताना एकदा विहिरीच्या चार पायऱ्या घरंगळत खाली गेली, उठली, लुगडं झटकलं आणि हंडा भरून घेऊन आली.

तिची सत्तरी झाली तेव्हा आम्ही भावांनी बसून ठरवलं की आईनं आयुष्यभर लई केलं, आता तिला सुख द्यायचं. खुरपं काढून घेतलं. हंडा काढून घेतला. पडवीत बाज टाकली, त्यावर गादी घातली. जेवण जागेवर, पाणी जागेवर. वारी बंद केली. ती कुरकुरायची, आम्ही ऐकलं नाही. गावातली माणसं म्हणायची, पोरं असावीत तर अशी. आणि खरं सांगतो, ते ऐकून माझी छाती फुगायची.

अशी चार वर्षं गेली. कार्तिक महिन्यात एके पहाटे ती बाजेवरून उठली, लुगड्याच्या काठात पाय अडकला आणि खाली बसल्यासारखी पडली. उंची म्हणाल तर दोन हातसुद्धा नाही. तेवढ्यानं खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला आणि मला विचारलं, "महाराज, आजी दिवसभर काय करतात?"

मी ताठ मानेनं म्हटलं, "साहेब, काही करू देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही."

डॉक्टर जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी तो फोटो उजेडात धरला. म्हणाले, "इथं बघा. खुब्याच्या हाडाच्या आत जाळी असते. ती इथं दाट पाहिजे होती, ती विरली आहे. वय आहे, बाईमाणूस आहे, ते कारण आहेच. पण चार वर्षं या हाडाला कुणी काम सांगितलं नाही."

मायबापहो, मी कीर्तनात हजार वेळा मातृसेवेवर बोललो असेन. त्या दिवशी घरी येऊन मी रात्रभर जागा होतो.

आता हे हाडाला काम सांगणं म्हणजे काय, ते बघू.

आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. नांगराच्या फाळाला जनावराचं वाळलं हाड लागतं, ते बघून आपण समजतो की आपल्या आतही तसंच असणार. पण ते मेलेलं हाड. आपल्या अंगातलं हाड जिवंत आहे. त्याच्यात रक्त फिरतं. म्हणून तर मोडलं की सांधतं. दगड कधी सांधलाय का?

हाड कशाचं बनतं? जुन्या घराची मातीची भिंत आठवा. नुसत्या मातीची भिंत तडकते, म्हणून माती मळताना आपण त्यात भुसा, गवत घालतो. हाडाचं तसंच आहे. एक चिवट धागा असतो, ते गवत. आणि कॅल्शियम, फॉस्फरसचा क्षार असतो, ती माती. धाग्यामुळं हाड लवतं, क्षारामुळं कडक राहतं. मांडीचं, नडगीचं हाड मधे घट्ट नळीसारखं असतं आणि दोन्ही टोकांना आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते.

या भिंतीवर जन्मभर गवंडीकाम चालू असतं. पेशींच्या दोन टोळ्या आहेत. एक टोळी जुनं हाड खोदून काढते. दुसरी टोळी मागून येते आणि त्या खड्ड्यात नवं हाड भरते. मोठ्या माणसाच्या सांगाड्यात दर वर्षी साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या पायांनी तुम्ही पंढरीला गेलात, त्यातलं बरंचसं हाड आज जागेवर नाही, तिथं नवं आहे.

मग प्रश्न येतो. कुठं भरायचं आणि कुठं नुसतं खोदून सोडून द्यायचं, हे टोळीला कोण सांगतं?

त्याला मुकादम आहेत. तिसऱ्या जातीच्या पेशी, हाडाच्या भिंतीतच चिणून बसलेल्या. हाडातल्या शंभर पेशींतल्या नव्वदच्या वर याच असतात. त्यांना बारीक-बारीक तंतू असतात, ते केसापेक्षा बारीक वाटांतून एकमेकींपर्यंत गेलेले असतात, आणि त्या वाटांत पाणी असतं. ओल्या बांधावर पाय दिला की आतलं पाणी कडेला सरकतं का नाही? तसं आपण पाऊल टेकवलं की हाड डोळ्याला दिसणार नाही इतकं लवतं आणि हे पाणी सरकतं. मुकादमाला ती चाहूल लागते. तो सांगावा धाडतो की इथं भार येतोय, इथं भरा. जिथं महिनोन्‌महिने पाणी हललंच नाही, तिथून सांगावा जातो की इथं कुणी येत नाही, माल काढून घ्या.

शरीर काटकसरी आहे, बाबांनो. जे वापरात नाही ते सांभाळत बसत नाही. आमच्या आईच्या खुब्यात चार वर्षं हेच झालं.

ही गोष्ट माणसाला कळली त्याची कथा गमतीची आहे. युरोपात झुरिच म्हणून शहर आहे. तिथं १८६६ च्या सुमारास मेयर नावाचे शरीरशास्त्राचे गुरुजी मांडीचं हाड उभं चिरून आतली जाळी दाखवत होते. तिथं कुलमान नावाचे इंजिनियर होते, पूल आणि यंत्रांचा हिशेब करणारे. त्यांनी ती जाळी बघितली आणि थक्क झाले. ओझं उचलणाऱ्या क्रेनच्या वाकड्या मानेत जोर कुठून कुठं जातो याच्या रेघा ते कागदावर काढायचे, आणि हाडातली जाळी जवळपास त्याच रेघांवर उभी होती. पुढं बर्लिनचे डॉक्टर युलियस वोल्फ यांनी १८९२ साली यावर ग्रंथ लिहिला. हाडावरचा भार बदलला की हाडाची आतली आणि बाहेरची ठेवणही बदलते, असं त्यांनी मांडलं. त्याला आजही वोल्फचा नियम म्हणतात.

दोन दाखले देतो, म्हणजे नीट पटेल. टेनिस खेळणारे लहानपणापासून एकाच हातानं चेंडू मारतात. पट्टीच्या खेळाडूंचे दोन्ही दंड तपासले, तर पुरुषांत खेळणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एक तृतीयांश जाड निघाली. माणूस एक, खाणं एक, रक्त एक, फक्त काम वेगळं.

दुसरा दाखला आकाशातला. अंतराळात माणसं राहतात, तिथं वजनच लागत नाही, माणूस तरंगतो. तिथं खुब्याचं हाड महिन्याला शेकडा एक ते दीड टक्का विरतं. म्हणून ती माणसं तिथं रोज दोनेक तास व्यायाम करतात. ही चांगली धडधाकट, निवडून घेतलेली माणसं. आम्ही आईला जमिनीवर राहून अंतराळात पाठवलं होतं.

आता कुणी म्हणेल, महाराज, मग उद्यापासून दोन पोती पाठीवर घेतो. थांबा. पुढचं ऐका.

१९८४ साली एक प्रयोग छापून आला. कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर रोजचा भार येणार नाही अशी तजवीज केली आणि यंत्रानं ते हाड मोजून लववलं. ज्याला अजिबात लववलं नाही, ते हाड विरलं. ज्याला दिवसातून नुसतं चार वेळा लववलं, ते होतं तसं टिकलं. ज्याला छत्तीस वेळा, ते वाढलं. आणि ज्याला अठराशे वेळा लववलं, ते किती वाढलं? छत्तीसवाल्याइतकंच. नात म्हणते, आबा, हाड एकदा ऐकतं, मग कान बंद करतं. काही तास विसावा दिला की पुन्हा ऐकतं.

अजून एक. अशाच प्रयोगात हाडावर भार ठेवला, पण तो हलवलाच नाही, दाबून तसाच धरला. ते हाड काम नसल्यासारखं विरलं. म्हणजे भार यावा आणि जावा लागतो. पाऊल टेकावं, उचलावं, पुन्हा टेकावं. मला हे ऐकून आपली पावली आठवली. टाळ वाजवत आपण पाय आपटतो, उडी घेतो, गिरकी मारतो. बाया फुगडी घालतात. कुणी हाडासाठी करत नाही, आनंदासाठी करतात. पण हाडाला तो ठेका चांगला कळतो. रोजचं सपाट चालणं अंगवळणी पडलेलं असतं, त्यानं हाड टिकायला मदत होते. वाढायला जरा वेगळं काम लागतं, पायऱ्या, चढण, उडी, थोडं वजन.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथंही चूक माझीच.

काही वर्षांपूर्वी आपल्या दिंडीत एक तरुण आला होता. शहरात नोकरी, दिवसभर खुर्चीवर बसणं. भाव मोठा, पण चालायची सवय नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढं. बाराव्या-तेराव्या दिवशी पायाचा पंजा दुखायला लागला. बोट ठेवून दाखवायचा, इथंच दुखतं. मी त्याला म्हटलं, माऊलीचं नाव घे आणि चल. पोरगं चाललं, लंगडत पंढरीला पोचलं. घरी गेल्यावर फोटो काढला, तर पंजाच्या लांब हाडाला चीर पडलेली. पडला नाही, मार लागला नाही, नुसतं चालून.

हे दुखणं जुनं आहे. १८५५ साली प्रशियाच्या फौजेतल्या एका डॉक्टरनं लांब कवायत करणाऱ्या शिपायांत ते लिहून ठेवलं. याचं कारण त्या दोन टोळ्यांतच आहे. नवा भार आला की आधी खोदणारी टोळी कामाला लागते, मग भरणारी. खोदायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. बांध दुरुस्त करताना आधी आपण जुनी माती काढतो का नाही? त्याच वेळी पूर आला तर बांध फुटतो. त्या पोराचा बांध उकरलेला होता आणि वरून मी पूर सोडला.

म्हणून नव्या वारकऱ्यांनो, आषाढीला चालायचं असेल तर महाशिवरात्र झाली की चालायला लागा. आधी गावाभोवती एक फेरी, मग दोन, मग शेजारच्या गावापर्यंत. दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा, मधे विसावा घ्या. आणि वाटेत हाडावर एका जागी बोट ठेवता येईल असं दुखत असेल, चालल्यावर वाढत असेल, तर गाडीत बसा आणि डॉक्टरला दाखवा. त्यानं भक्ती कमी होत नाही. हे मी आता म्हणतो, तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

आणि हाड वेगळं, सांध्यातली गादी वेगळी. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे जो गुळगुळीत थर असतो, तो हाडासारखा पुन्हा भरून येत नाही. तेव्हा गुडघा सुजलाय, तरी महाराजांनी भार द्यायला सांगितलाय, असं कुणी करू नका. ज्याचं हाड आधीच ठिसूळ झालंय, त्यानं वाकून जड उचलू नये, काय झेपेल ते डॉक्टरला विचारूनच करावं. मोरीत पाणी सांडू देऊ नका, रात्री दिवा असू द्या, काठी घ्यायची लाज धरू नका.

खाण्याचंही सांगतो. मुकादमानं हुकूम दिला, पण माल नसेल तर गवंडी काय करील? नाचणीची भाकरी, तीळ, दूध, ताक, आणि अंगाला ऊन. पण नुसता माल आणून टाकला आणि काम सांगितलंच नाही, तरी भिंत उभी राहत नाही. आमच्या आईला रोज पेलाभर दूध होतं. दुधाला काही आम्ही कमी केलं नव्हतं.

आयाबहिणींना विशेष सांगणं आहे. पाळी गेल्यावर काही वर्षं खोदणारी टोळी जास्त जोरात असते, म्हणून त्या वयात हाड भराभरा विरतं. नेमकं त्याच वयात सुना घरात येतात आणि आपण म्हणतो, सासूबाई, तुम्ही बसा. आणि लेकरांचं उलट. हाड कमवायचा हंगाम म्हणजे वाढीचं वय, साधारण तिशीपर्यंत. त्या हंगामात पोरगी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली तर पेरणीच चुकली. तिला दोरीवरच्या उड्या मारू द्या, झाडावर चढू द्या, फुगडी घालू द्या.

आता आईची गोष्ट पुरी करतो.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी दोन माणसं आली आणि तिला उभी करायला लागली. मी भांडायला उठलो. म्हटलं, कालच कापलंय, जरा दया करा म्हातारीची. तर आईच मला म्हणाली, "लेकरा, तू बाजूला हो. ही माणसं मला उभी करतायत. तुम्ही मला आडवी केली होती."

त्याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. आम्ही बाज आत नेली. चार पायांचं वॉकर घेऊन ती रोज घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायची. आधी ओट्यापर्यंत, मग अंगणापर्यंत, मग देवळापर्यंत, सगळं तिनं आपल्या मनानं वाढवलं. बसून शेंगा फोडायची, उभी राहून तुळशीला पाणी घालायची. विरलेलं सगळं हाड काही परत आलं नाही, तसं खोटं मी सांगणार नाही. पण पुन्हा ती पडली नाही. वारीला नाही जाता आलं, तरी दिंडी निघायच्या दिवशी ती वेशीपर्यंत चालत यायची आणि पताका नजरेआड होईपर्यंत उभी राहायची.

परवाच घरात माझी मंडळी पाण्याची घागर उचलत होती. बासष्ट वय. माझ्या तोंडून लगेच निघालं, राहू दे, मी घेतो. नातीनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी घागर सोडली. म्हटलं, अर्धी भर, पण तूच ने.

तेव्हा शंभर वर्षांच्या या दिंडीकडं माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या आषाढीत म्हाताऱ्यांना सगळी वाट गाडीत बसवू नका. ज्याला डॉक्टरची मनाई नाही, त्याला रोज जमेल तेवढं चालू द्या, मग कोसभर असो नाहीतर चार शेत. बाजूनं एक तरणा पोरगा द्या. दमला की गाडी आहेच. आणि घरी तुमच्या आईच्या हातातून खुरपं काढून घेताना एकदा थांबा, तिच्या हातात त्याच्याऐवजी काय देणार ते आधी ठरवा.

चुकलंमाकलं पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.